भगतिणीची कात

"मॅडम, थांबा जी! बरणीले हात नका लावू, कात टाकून राहिली थे!"

पंचफुला ओरडली तोवर बरणी माझ्या हातात आडवी झाली होती. आत काहीतरी हिरवं लटकत होतं, ते सुटलं आणि तळाशी पडलं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मूळची कराडकडची, पण नोकरी लागली ती वऱ्हाडातल्या एका जिल्हा कारागृहात, महिला शिपाई म्हणून. महिला विभाग म्हणजे एक लांब खोली, पुढं अंगण आणि अंगणाच्या कडेला वांगी, अंबाडी, वालाचा एक वेल. अकरा बायका. आदल्या दिवशी एकीच्या उशीत तंबाखूचा खर्रा सापडला होता, म्हणून तुरुंगाधिकारी ठोसरसाहेबांनी सगळ्यांची झडती घ्यायला सांगितली होती. सकाळी आठपासून मी पिशव्या झटकत होते, डबे पालथे करत होते. खिडकीतली ती लोणच्याची प्लॅस्टिकची बरणीही मी त्याच झपाट्यात उचलली. तोंडावर फडकं बांधलेलं होतं. त्याच्याआड काही लपवलंय असंच मला वाटलं.

पंचफुलानं बरणी माझ्या हातातून घेतली. कैद्यानं शिपायाच्या हातातून वस्तू घ्यायची नसते, पण तिनं ती इतक्या अलगद घेतली की मला रागवायचं सुचलंच नाही.

"काय आहे हे?"

"भगतीण हाय जी."

शेजारच्या वळकटीवर बसलेली बेबी हसली. "नाकतोडा हाय मॅडम. वालाच्या वेलावरून आणला तिनं. दोन महिने झाले, माश्या मारमारून पोसून राहिली."

तो नाकतोडा नव्हता. पुढचे दोन पाय जोडून, मान वळवून माणसासारखा बघणारा तो प्रार्थनाकीटक, हे मला पुष्कळ वर्षांनी एका शाळेच्या पुस्तकात चित्र पाहून कळलं. हात जोडून बसते म्हणून पंचफुला तिला भगतीण म्हणायची. त्या सकाळी मात्र ती हात जोडून नव्हती. बोटाएवढं तिचं अंग जुन्या कातडीतून अर्धं बाहेर आलेलं होतं, भिजलेल्या पानासारखं लिबलिबीत. मागचे पाय अजून जुन्या कातडीतच अडकलेले.

"उलटी लटकून कात टाकते जी," पंचफुला खाली बसत म्हणाली. "आपल्या वजनानं खाली सरकत येते. मंग अंग वाळेपर्यंत तशीच लटकून राहते. पडली का, जशी पडली तशीच वाळते."

तिनं मला दोष दिला नाही. पाण्यात कापसाचा बोळा भिजवला आणि खराट्याच्या काडीनं ती अडकलेली कातडी थेंबाथेंबानं ओली करू लागली. मला पुढच्या वळकट्या तपासायच्या होत्या. मी तपासल्याही, पण सारखं मागं वळून बघत होते.

दुपारी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पाय मोकळे झाले होते, पण उजवा पुढचा पाय उलट्या बाजूला वळून आकड्यासारखा वाळला होता. मागचा एक पाय पिळलेला. पंख कांद्याच्या सालीसारखे चुरगळून पाठीला चिकटलेले. उभं राहायला गेली की ती कुशीवर कलंडायची.

"पुढच्या वेळी कात टाकेल तेव्हा सरळ होईल ना?" मी विचारलं.

"नाई जी. पंख फुटले का संपलं. हे शेवटची कात."

नियमानं मी ती बरणी बाहेर टाकायला हवी होती. मी झडतीच्या नोंदीत तिचा उल्लेख केला नाही. दुसऱ्या दिवशी घरून थोडा मध आणि कापूसही नेला. मी पाडली होती ना तिला.

*

पंचफुला गावंडे कच्ची कैदी होती, म्हणजे खटला अजून सुरू व्हायचा होता. आत येऊन तिला चौदा महिने झाले होते. वय चाळीसच्या आसपास, नवरा मेलेला, मूलबाळ नाही. घरी ती आणि सासू दोघीच. सासू मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर सहा वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं पंचफुलानं केलं. एका सकाळी सासू मेलेली सापडली. नणंद वच्छला शेजारच्या गावाहून आली, आईच्या ओठांवर तिला काळंनिळं दिसलं, आणि तिनं पोलिसांत तक्रार दिली. भावजयीनं तोंड दाबून आईला मारलं म्हणून.

आमच्या विभागात या गोष्टीवर कुणाचाच विश्वास नव्हता. माझा तर मुळीच नव्हता. वच्छला एकदा कारागृहाच्या दारापर्यंत येऊन ओरडून गेली होती. जाडजूड, लाल डोळ्यांची बाई. दोन एकर शेत भावजयीच्या नावावर होऊ नये म्हणून हा खटाटोप, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आणि झडतीनंतरच्या दहा दिवसांत मी जे पाहिलं, त्यानं तर माझी खात्रीच झाली.

भगतिणीला स्वतःची शिकार धरता येत नव्हती. पंचफुला माशी पकडायची, तिचे पंख काढायची, पोट फोडून आतला मऊ भाग काडीच्या टोकावर घ्यायची आणि भगतिणीच्या तोंडाशी धरून बसायची. कधी अर्धा अर्धा तास. भगतीण आधी तोंड फिरवायची, मग खायची. मधात पाणी घालून त्याचा एक थेंब. मग ओल्या बोळ्यानं तोंड पुसणं. मग कूस बदलणं, कारण एकाच कुशीवर राहिली की खालचा पाय काळा पडायचा. मुंग्या लागू नयेत म्हणून बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवलेली. दिवसातून सहा वेळा हे सगळं, आणि शिवाय शिवणवर्ग, भाकऱ्या, झाडलोट होतीच.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"सवय हाय जी हाताले. बुढीचं बी असंच होतं. दर दोन घंट्यानं कूस. नाई केली का पाठीले जखम."

"सहा वर्षं!"

"सहा वरस आन चार महिने."

"तुझ्या नणंदेनं कधी चार दिवस नेलं नाही आईला?"

"तिच्या घरी तिची सासू होती खाटल्यावर. कशी नेईन थे?" पंचफुलानं भगतिणीला दुसऱ्या कुशीवर वळवलं. "वच्छी वाईट नाई जी. तुमी सगळे उगीच बोलता."

मला तो तिचा मोठेपणा वाटला.

त्याच आठवड्यात सरकारनं दिलेली वकीलबाई तिला भेटायला आली. तरुण होती, भराभर बोलायची. भेटीच्या वेळी मी शेजारीच उभी असायचे. जामिनाचा अर्ज केला होता, न्यायालयानं कारागृहाकडून वर्तणुकीचा अहवाल मागवला होता.

"एक चांगली गोष्ट आहे," वकीलबाई म्हणाली. "शवविच्छेदनात सासूच्या पोटात ताजा शिरा निघालाय. मरायच्या आधी घटकाभर खाल्लेला. मी न्यायाधीशांना हेच विचारणार आहे, जिला मारायचंय तिला कुणी तूप घालून शिरा करून भरवेल का?"

मीच म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. मारणारी बाई भरवत बसेल का?"

दुसऱ्या दिवशी ठोसरसाहेबांनी मला बोलावलं. "घोरपडे, त्या गावंडेबाईचा अहवाल पाठवायचाय. तुम्ही रोज बघता तिला. काय लिहायचं?"

"साहेब, ती बाई मुंगीला मारायची नाही," मी म्हणाले. आणि मग त्यांना भगतिणीची सगळी हकिकत सांगितली. बरणी ठेवू दिली म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते ऐकत राहिले.

"हे लिहून आणा सोमवारपर्यंत," ते म्हणाले. "असंच, तुमच्या शब्दांत. न्यायाधीश वाचतात असलं."

*

ती शनिवारची दुपार होती. बारा ते तीन बायकांना खोलीत बंद करतात, त्या वेळी मी मागच्या व्हरांड्यात होते. ऑक्टोबरचं ऊन, आत सगळ्या पंख्याखाली पडलेल्या. अहवालात काय लिहायचं ते मी मनात जुळवत होते. पंचफुला जागी दिसली म्हणून मी मागच्या खिडकीशी उभी राहिले.

भगतिणीचा पिळलेला पाय एव्हाना बुडापर्यंत काळा झाला होता. पण ती जिवंत होती आणि खात होती. सकाळीच बेबीनं सांगितलं होतं, आज दोन माश्या खाल्ल्या म्हणून.

पंचफुलानं तिला बरणीतून काढून कापसावर ठेवलं. काडीच्या टोकावर माशीचा तुकडा धरला. भगतिणीनं मान तिरकी केली, धड राहिलेला एक पाय उचलून काडी धरली आणि सावकाश खायला लागली. पंचफुला थांबली. सगळं संपेपर्यंत थांबली. मग मधाच्या पाण्याचा थेंब दिला. ओल्या बोळ्यानं तोंड पुसलं.

मग तोच बोळा तिनं भगतिणीच्या डोक्यावर ठेवला, त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला.

दाबताना तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. घाई नव्हती. अंगठ्याखालून तो वाकडा पाय दोनदा हलला, मग नुसता थरथरला, मग थांबला. तरी तिनं अंगठा काढला नाही. बराच वेळ गेला. ओठ हलत होते, काही मोजत असावी. मग बोळा उचलून पाहिलं, भगतिणीचे पाय एकेक करून सरळ केले आणि पुढचे दोन्ही जुळवून ठेवले.

लुगड्याला हात पुसून ती आडवी झाली आणि लगेच झोपली. चौदा महिन्यांत मी तिला इतकी गाढ झोपलेली पाहिली नव्हती. तोंड उघडं, हात पसरलेले.

मी खिडकीचा गज धरून तशीच उभी होते. मला शिरा आठवत होता. मारणारी बाई भरवत बसेल का, असं मीच विचारलं होतं. आता मी पाहिलं होतं. ती भरवते. पोटभर भरवते, तोंड पुसते, आणि मग.

तीन वाजता मी कुलूप काढलं. पंचफुला दारातच होती, हातात कापसाची गुंडाळी.

"गेली जी भगतीण."

"कशी?"

"आपोआप."

अंगणात वालाच्या वेलाखाली तिनं बोटानं खड्डा केला आणि गुंडाळी पुरली. बेबी चक्क रडली. पंचफुला रडली नाही.

*

सोमवारी मी ठोसरसाहेबांसमोर एका ओळीचा कागद ठेवला. 'वर्तणूक चांगली. शिस्तभंगाची नोंद नाही.'

"एवढंच? ते किड्याचं कुठंय?"

"ते नको साहेब."

"का?"

"किडा मेला."

त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. "मेला तरी सेवा केलीच ना तिनं?"

"केली."

"मग?"

मी कागद त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी खांदे उडवले आणि सही केली. त्या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता. मी अनेकदा स्वतःला तेच सांगितलंय.

जामीन मिळाला. सुटायच्या दिवशी सकाळी अकराला तिला मुख्य दारापर्यंत न्यायचं काम माझंच होतं. दोन दारांच्या मधल्या जागेत कागद तपासून होईपर्यंत थांबावं लागतं. तिथं आम्ही दोघीच होतो. तिच्या हातात एक पिशवी होती.

माझ्याच्यानं राहवलं नाही. "पंचफुला, भगतीण आपोआप नव्हती ना मेली?"

"तुमी खिडकीत होत्या न," ती म्हणाली. "मले दिसली होती तुमची सावली."

"मग खोटं का बोललीस?"

"तुमी बी तर नाई बोलल्या काई."

बाहेर शिक्का मारल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर उत्तर काय असेल ते मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. सहा वर्षं खाटेवर पडलेली म्हातारी, पाठीला जखमा. मला सोडव बाई, म्हणाली असेल. हिनं सोडवलं असेल. तेवढं तिच्या तोंडून ऐकलं की मला झोप लागणार होती.

"सासूला फार त्रास होता ना गं?" मी विचारलं. "तीच म्हणाली असेल तुला."

पंचफुलानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की भीती नव्हती. मला सोपं जावं म्हणून काहीतरी बोलावं, असा क्षणभर तिचा विचार चालला असावा. मग तिनं मान हलवली.

"नाई जी. बुढीले जगायचं होतं. रोज म्हणे, पंचे, औंदा बोरं आली का मले आणून देजो. शिरा तिनंच मागितला होता. खाल्ला. गोड झाला म्हणे. मंग म्हणे, उद्या बी करजो."

मी बंद दाराकडं बघितलं.

"उद्या बी, म्हणे," पंचफुला पुन्हा म्हणाली. "मले उद्या दिसेच ना जी. उद्याच्या मांगं परवा, आन थे बी तसाच. तिच्या जिवाले काई नव्हतं झालं. मीच संपली होती."

"आणि भगतीण?"

"थे बी खात होती चांगली."

शिपायानं बाहेरून मोठ्या दारातली लहान दिंडी उघडली. पंचफुला वाकून बाहेर पडली, पिशवी सावरली, उन्हाकडं बघून डोक्यावर पदर घेतला. "येतो मॅडम," म्हणाली. वऱ्हाडात बायाही येतो म्हणतात. मी नोंदवहीत वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं, आणि सही केली. ठोसरसाहेबांची खोली तिथून वीस पावलांवर होती. मी तिकडं गेले नाही.

*

खटला सहा वर्षांनी उभा राहिला. शवविच्छेदन करणारा डॉक्टर ओठांवरच्या डागांबद्दल ठाम सांगू शकला नाही. पोटातला शिरा वकीलबाईनं बरोबर वापरला. पंचफुला पुराव्याअभावी सुटली. त्या दिवशी मी दुसऱ्या एका कैदी बाईला घेऊन न्यायालयात आले होते, म्हणून निकाल मला तिथंच कळला. पंचफुला मला दिसली नाही. ती मागच्या दारानं निघून गेली होती म्हणे.

दुपारी कैदी बाईला कारागृहात परत पोचवून मी एकटी एसटी स्टँडवर आले. दुसऱ्या दिवसापासून रजा होती, कराडला जायचं होतं. बाकावर बसले तर एक बाई पुढं येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. सहा वर्षांत ती निम्मी झाली होती.

"तुमी जेलातल्या मॅडम न? मी वच्छला. पंचीची नणंद."

मी उठून उभी राहिले. का, कोण जाणे.

"बसा जी. भांडाले नाई आली मी." ती स्वतःच बाकाच्या कडेला टेकली. "लोकं म्हणतात, शेतासाठी केस केली. शेताचा कागद तर मी पहिल्याच वर्षी लिहून देला तिच्या नावानं. कोणी इचारतच नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता मले बी वाटते, माझीच चूक झाली का काय. ओठाले लागलं असन काहीतरी. मायले दात नव्हते, चमचा लागला असन. तिनं सहा वरस केलं माझ्या मायचं, आन मी तिले जेलात टाकलं. घरचे बोलत नाईत माझ्यासंग. पोरगी बी म्हणते, तू मामीचं वाटोळं केलं."

कराडची गाडी लागली होती. वाहक हाका मारत होता.

"मॅडम, तुमी होत्या तिच्यासंग," वच्छला म्हणाली. तिनं माझ्या हाताला हात लावला. "सव्वा वरस. रोज. बाई बाईपाशी बोलते कधी. मले कोणाले सांगाचं नाई, कोर्टात जाचं नाई. फक्त माझ्या जिवासाठी इचारतो. थे बोलली का तुमच्यापाशी काई? माझ्या मायचं?"

तिचे डोळे तेव्हासारखेच लाल होते. ते रागानं लाल नव्हते, हे मला आत्ता दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही बोलली."

वच्छलानं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं."

मी पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसले.